वडील एबी, मुलगी ओ: आधी कोणती तपासणी?

वाचकाचा प्रश्न: मुंबईच्या उपनगरात राहणाऱ्या ३६ वर्षांच्या एका वाचक भगिनीचे पत्र आले आहे. शाळेच्या ओळखपत्रासाठी त्यांनी नऊ वर्षांच्या मुलीचा रक्तगट तपासून घेतला, तो ‘ओ पॉझिटिव्ह’ आला. पतीचा रक्तगट एबी, त्यांचा स्वतःचा बी आणि पाच वर्षांच्या मुलाचा ए आहे. मोठ्या नणंदबाई माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवतात. त्यांनी जेवणाच्या टेबलावरच कागदावर चौकट आखून दाखवली आणि ‘एबी गटाच्या बापाला ओ गटाचे मूल होऊच शकत नाही’ असे सांगितले. पती म्हणतात, ‘माझा संशय नाही, पण एकदा डीएनए करून टाकू, म्हणजे ताईचे तोंड बंद होईल.’ सासूबाई, ज्या नात्याने या भगिनींच्या वडिलांच्या चुलत बहीण लागतात, त्या दिवसापासून मोजकेच बोलतात. या भगिनी विचारतात: ‘मी कधीही कोणतीही चूक केलेली नाही. चाचणीला हो म्हटले तर माझा अपमान मीच मान्य केल्यासारखे होईल, आणि नाही म्हटले तर लपवण्यासारखे काही आहे असे ठरेल. मी काय करू?’

सप्रेम नमस्कार.

माझे मत आधी सांगते, कारणे नंतर. डीएनए चाचणीचा विषय काही आठवडे बाजूला ठेवा आणि तुमच्या घरातील चौघांचे रक्तगट एखाद्या चांगल्या रक्तपेढीत, संपूर्ण पद्धतीने, पुन्हा तपासून घ्या. वाद पुढे ढकलण्यासाठी मी हे सुचवत नाही. तुमच्या घरात सध्या ‘ही मुलगी कोणाची’ असा प्रश्न उघडपणे किंवा आडून विचारला जात आहे, पण तुमचे पत्र वाचताना मला त्याहून निकडीचा वाटलेला प्रश्न निराळा आहे: उद्या या मुलीला रक्त देण्याची वेळ आली, तर तिला कोणते रक्त चालेल? डीएनए चाचणी पहिल्या प्रश्नाचे उत्तर देईल, दुसऱ्याचे देणार नाही. रक्तगटाची नीट केलेली तपासणी कदाचित दोन्हींचे देईल.

तुमच्या नणंदबाईंनी मांडलेला हिशोब चुकलेला नाही, हे प्रथम मान्य करू. एबीओ रक्तगटाचे जनुक नवव्या गुणसूत्रावर असते आणि त्याची ए, बी व ओ अशी तीन मुख्य रूपे आहेत. प्रत्येकाकडे त्यांपैकी दोन असतात, एक आईकडून आलेले आणि एक वडिलांकडून. ए आणि बी एकत्र आले तर कोणीच कोणाला झाकत नाही, दोन्ही दिसतात. ओ मात्र त्या दोघांपुढे अप्रभावी ठरते. ज्या पुरुषाकडे ए आणि बी आहेत त्याच्याकडे देण्यासाठी ओ नाहीच, तेव्हा त्याचे मूल ए, बी किंवा एबी असायला हवे, ओ नव्हे. हा युक्तिवाद शाळेच्या पुस्तकात शोभून दिसतो. पण त्यात दोन गोष्टी न बोलता गृहीत धरल्या आहेत: एक, घरातील सगळे रिपोर्ट बरोबर आहेत, दोन, रक्तगट एकाच जनुकाने ठरतो. पहिली गोष्ट कोणी तपासलेली नाही आणि दुसरी खरी नाही.

पहिल्या गोष्टीपासून सुरुवात करते, कारण अशा कोड्यांचे उत्तर बहुतेक वेळा तिथेच सापडते. तुमच्या पतीचा एबी हा गट बारा वर्षांपूर्वी कार्यालयातील शिबिरात काचपट्टीवर तपासलेला आहे, असे तुम्ही लिहिता. शिबिरात गर्दी असते, नळ्यांवरची नावे बदलली जातात, आणि काचपट्टीवर घाईने पाहिलेली गाठ चुकीची वाचली जाऊ शकते. तुमच्या मुलीची तपासणीही गल्लीतल्या प्रयोगशाळेत, फक्त ओळखपत्राचा रकाना भरण्यापुरती झाली. शिवाय ए आणि बी या प्रतिजनांचे, म्हणजे रक्तपेशींवरच्या खुणांचे, काही दुर्मीळ प्रकार इतके क्षीण असतात, की साध्या तपासणीत ते दिसत नाहीत आणि रक्त ओ असल्याचे वाटते. ज्या दोन कागदांच्या आधारे एका स्त्रीच्या चारित्र्याविषयी बोलले जात आहे, ते दोन्ही कागद अजून एकदाही पडताळले गेलेले नाहीत. विज्ञानाच्या शिक्षिकेला तरी हे खटकायला हवे होते.

आता दुसरी गोष्ट, आणि ती आपल्याच शहरातली आहे. ए आणि बी ही रक्तपेशींवरच्या साखरेच्या रेणूंची नावे आहेत, पण ते रेणू पेशीवर थेट बसत नाहीत. आधी पेशीवर एच नावाचा पाया तयार व्हावा लागतो आणि त्या पायावर ए किंवा बी चढतात. ओ गटाच्या माणसाकडे नुसता पाया असतो, वर काहीच नसते. हा पाया तयार करणारे एफयूटी१ हे जनुक अगदी वेगळ्या, एकोणिसाव्या गुणसूत्रावर असते. एखाद्या व्यक्तीला या जनुकाच्या दोन्ही प्रती निकामी मिळाल्या, तर तिच्याकडे ए किंवा बीचे जनुक ठणठणीत असूनही उपयोग होत नाही. खुंटीच नसेल तर सदरा टांगणार कशावर? साध्या तपासणीत तिच्या पेशींवर ए दिसत नाही, बी दिसत नाही, आणि प्रयोगशाळा ‘ओ’ लिहून मोकळी होते.

परळच्या केईएम रुग्णालयात डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा प्रकार ओळखला आणि १९५२ साली ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्याची नोंद प्रसिद्ध झाली. ओ वाटणाऱ्या रक्ताशी ओ गटाच्या दात्यांचे रक्तसुद्धा जुळत नव्हते, यावरून त्यांना हे कोडे उलगडले. तेव्हापासून जगभरातले डॉक्टर याला ‘बॉम्बे रक्तगट’ म्हणतात. शहराचे नाव बदलले तरी रक्तगटाचे तेच राहिले. युरोपात सुमारे दहा लाखांत एका व्यक्तीत आढळणारा हा गट भारतात साधारण दहा हजारांत एका व्यक्तीत असल्याचे सांगितले जाते. मुंबईसाठी ७,६०० मध्ये एक असा एक अंदाजही वारंवार दिला जातो.

तुमच्या मुलीचा गट बॉम्बे असेल, तर तिला वडिलांकडून ए किंवा बी नक्कीच मिळालेले आहे, फक्त ते दिसत नाही. पुढे तिचे लग्न झाल्यावर ते तिच्या मुलांमध्ये पुन्हा उघडे पडू शकते. म्हणजे आज जो नियम मोडल्यासारखा दिसतो, तो एका पिढीपुरता झाकला गेलेला असतो.

तुमच्या नणंदबाईंना ही पळवाट वाटू शकते. ‘असे अपवाद काढायचे म्हटले तर नियमाला अर्थच काय?’ असा प्रश्न त्या विचारतील. त्यांना शिकवण्याच्या आवेशात नव्हे, पण कधी मोकळेपणाने बोलणे झालेच, तर गुलबक्षीची आठवण करून द्या. चाळीच्या अंगणात संध्याकाळी फुलणारी ती साधी गुलबक्षी. वाटाण्यांवर प्रयोग करून आनुवंशिकतेचे नियम मांडणाऱ्या मेंडेलचे विस्मरणात गेलेले काम १९०० साली पुन्हा उजेडात आणणाऱ्या शास्त्रज्ञांपैकी कार्ल कॉरेन्स यांनी गुलबक्षीच्या लाल आणि पांढऱ्या फुलांच्या झाडांचा संकर केला, तर पुढच्या पिढीची फुले ना लाल आली ना पांढरी. ती सगळी गुलाबी होती. लाल रंग पांढऱ्यावर पूर्ण मात करत नव्हता. त्या गुलाबी झाडांच्या संततीत मात्र एक चतुर्थांश लाल, निम्मी गुलाबी आणि एक चतुर्थांश पांढरी झाडे निघाली, म्हणजे रंगांचे घटक मिसळून नाहीसे झाले नव्हते, त्यांची वाटणी नियमानेच चालू होती. याच कॉरेन्स यांनी १९०९ मध्ये गुलबक्षीच्याच चट्टेरी पानांच्या जातीत आणखी विलक्षण गोष्ट दाखवली. पुढच्या रोपाची पाने हिरवी, फिकट की चट्टेरी होणार, हे बी ज्या फांदीवर धरले त्या फांदीवर ठरत होते. पराग कोणत्या फांदीचा होता याला काही महत्त्व नव्हते. कारण पानांना हिरवा रंग देणारी हरितलवके बहुतेक मातृपेशीतूनच येतात. एकाच अंगणातल्या झाडाने प्रभावी-अप्रभावीच्या सोप्या चौकटीला दोन वेगळ्या दिशांनी धक्का दिला.

खुद्द मेंडेल यांनाही हे अनोळखी नव्हते. १८६६ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधात वाटाण्यांच्या प्रयोगांनंतर घेवड्याच्या कुळातील वनस्पतींचे प्रयोग आहेत. तिथे फुलांच्या रंगाचा हिशोब वाटाण्यासारखा बसला नाही, गडद रंगापासून पांढऱ्यापर्यंत अनेक छटा निघाल्या. तेव्हा एकाच रंगामागे दोन किंवा अधिक स्वतंत्र घटक असावेत, अशी शक्यता त्यांनी स्वतः लिहून ठेवली. शाळेच्या पुस्तकात वाटाणा पोहोचला आणि घेवडा मागे राहिला, याला मेंडेल काय करणार! घारे डोळे, उंची, त्वचेचा वर्ण, एक पिढी वगळून अचानक उगवणारे सहावे बोट, या सर्वांच्या बाबतीत एका जनुकाची चौकट अपुरी पडते, हे आपल्या आजीलाही अनुभवाने माहीत होते. तिने त्याला ‘कोणावर गेला कोण जाणे’ असे नाव दिले होते, इतकेच.

बॉम्बे रक्तगटात तर खरे म्हणजे एकही नियम मोडलेला नाही. एचचे निकामी रूप स्वतः अप्रभावी आहे. आई आणि वडील दोघांकडे त्याची एकेक प्रत असेल, तर दोघांचे रक्तगट नेहमीसारखे दिसतात आणि प्रत्येक अपत्यात ते उघड होण्याची शक्यता चारात एक असते. म्हणजे नणंदबाईंनी आखली तशीच चौकट, पण एक नव्हे, दोन, आणि दुसरी पहिलीवर ठेवून वाचायची.

इथे तुमच्या पत्रातील एका वाक्याकडे वळते, जे तुम्ही केवळ नात्याची ओळख म्हणून लिहिले असावे. सासूबाई तुमच्या वडिलांच्या चुलत बहीण आहेत. याचा अर्थ तुमचे पणजोबा-पणजी आणि तुमच्या पतीचे आईकडचे पणजोबा-पणजी एकच. त्या दोघांपैकी कोणाकडे एचची एक निकामी प्रत असली, तर ती एका बाजूने तुमच्या वडिलांतून तुमच्यापर्यंत आणि दुसऱ्या बाजूने सासूबाईंतून तुमच्या पतींपर्यंत येऊ शकते, आणि वाटेत कोणालाही तिचा पत्ता लागत नाही. दहा हजारांत एक हा अंदाज धरून साधा हिशोब केला, तर तुमच्यासारख्या नात्यातल्या जोडप्याच्या अपत्यात हा गट उमटण्याची शक्यता नाते नसलेल्या जोडप्याच्या तुलनेत सुमारे अडीच पट होते. ती तरीही लहानच आहे. मी तुम्हाला निदान सांगत नाही. पण संशयाचे बोट तुमच्याकडे दाखवले जात असताना, उत्तर कदाचित दोन्ही घराण्यांच्या समाईक वारशात असेल, ही गोष्ट सासूबाईंच्या कानावर कोणीतरी घालायला हवी. माझ्या मते ते काम तुमच्या पतींचे आहे, तुमचे नव्हे.

तुमच्या धाकट्या मुलाचा रक्तगटही काही सांगतो. तो ए असेल, तर त्याला वडिलांकडून ए आणि तुमच्याकडून ओ मिळाले आहे, म्हणजे तुमच्याकडे बीसोबत ओ आहे. शिवाय, ए आणि बी दोन्ही एकाच गुणसूत्रावर जोडून येण्याचा एक अतिशय दुर्मीळ प्रकार असतो, ज्यात एबी वडिलांना खरोखरच ओ गटाचे मूल होऊ शकते. तुमच्या मुलाला वडिलांकडून एकटे ए मिळालेले दिसते, तेव्हा तो प्रकार तुमच्या घरात जवळजवळ बाद होतो. अर्थात मुलाचा रिपोर्टही बरोबर असेल तरच.

म्हणून तपासणीला जाताना ‘ब्लड ग्रुप करायचा आहे’ एवढेच सांगू नका. चौघांची ‘फॉरवर्ड आणि रिव्हर्स ग्रुपिंग’ नळीच्या पद्धतीने हवी आहे, असे स्पष्ट सांगा. पहिल्या भागात तुमच्या रक्तपेशी तपासल्या जातात. दुसऱ्या भागात तुमच्या रक्तद्रवाचा संबंध ज्ञात ए, बी आणि ओ पेशींशी आणून पाहिला जातो. या दुसऱ्या भागात ओ पेशी वापरल्या जातील याची खात्री करून घ्या, कारण खऱ्या ओ गटाच्या व्यक्तीचा रक्तद्रव ओ पेशींना काही करत नाही, बॉम्बे गटाच्या व्यक्तीचा मात्र त्यांच्याही गुठळ्या करतो. मुलीच्या बाबतीत ‘अँटी-एच’ तपासणी मागा. ओ पेशी या तपासणीत ठळक प्रतिसाद देतात, बॉम्बे पेशी देतच नाहीत. निकाल संदिग्ध आला, तर लाळेची किंवा जनुकाची पुढची तपासणी करता येते. मोठ्या रुग्णालयांच्या रक्तपेढ्यांत यातले बहुतेक होते. त्यापुढची गुंतागुंत असेल, तर केईएमच्या आवारातच आयसीएमआरची, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची, नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इम्युनोहिमॅटोलॉजी ही संस्था आहे, जिचे कामच या विषयातले आहे. रक्तपेढीतील डॉक्टरांना तिथे नमुना पाठवण्याविषयी विचारा.

मी याला इतके महत्त्व का देते, ते पुन्हा सांगते. बॉम्बे गटाच्या व्यक्तीला ओ गटाचे रक्त दिले, तर तिच्या शरीरातील अँटी-एच प्रतिपिंडे त्या पेशी फोडतात आणि ते जिवावर बेतू शकते. तिला फक्त बॉम्बे गटाचेच रक्त चालते. रक्त देण्याआधी दात्याचे आणि रुग्णाचे रक्त जुळवून पाहतात, त्या क्रॉस मॅचमध्ये हा विसंवाद पकडला जातो, पण अपघातात सेकंद मोजले जात असताना सर्वांना चालणारे म्हणून ओ गटाचे रक्त आधी चढवले जाते. बाकी या गटाची माणसे इतरांइतकीच निरोगी असतात. निदान पक्के झाले, तर मुलाच्या फेरतपासणीचा निकालही नीट पाहा, कारण सख्खे भावंड हे अशा व्यक्तीसाठी दाता शोधण्याचे पहिले ठिकाण असते. त्याचा ए पक्का ठरला, तर मात्र त्याचे रक्त तिला चालणार नाही. आणि तिच्या ओळखपत्रावर, वैद्यकीय फायलीत, पुढे तिच्या स्त्रीरोगतज्ज्ञांकडेही ‘बॉम्बे’ हाच शब्द लिहिला गेला पाहिजे.

आता तुम्ही विचारलेला मूळ पेच. चाचणीला हो किंवा नाही, हे दोनच मार्ग आहेत असे तुम्ही धरून चालला आहात, आणि दोन्हींत हार तुमचीच आहे. मला तसे वाटत नाही. ‘माझा संशय नाही, पण करून टाकू’ हे तुमच्या पतींचे वाक्य मला अपमानकारक कमी आणि भित्रे अधिक वाटते. बहिणीसमोर बोलण्याची जबाबदारी त्यांना एका प्रयोगशाळेवर टाकायची आहे. त्यांना असे सांगून पाहा: ‘आधी आपण चौघे रक्तगट तपासून घेऊ, कारण मुलीच्या जिवाचा प्रश्न आहे. त्याचा रिपोर्ट घेऊन ताईंशी तुम्ही बोला. त्यानंतरही तुम्हाला डीएनए हवी असेल, तर ती तुम्हाला हवी आहे असे तुम्ही मला सांगा, ताईंचे नाव पुढे करू नका.’ या बोलण्यात नकार नाही आणि कबुलीही नाही.

रक्तगटाच्या फेरतपासणीनंतरही कोडे सुटले नाही, तर डीएनए चाचणी करण्यात कमीपणा नाही, आणि ती करायचीच तर तिघांची करा, फक्त बाप-लेकीची नव्हे. कारण प्रसूतिगृहात बाळांची अदलाबदल, ही दुर्मीळ पण वास्तव शक्यता केवळ तुमचाही नमुना असेल तरच समोर येते. हे वाचून तुमच्या छातीत धस्स होईल, याची मला कल्पना आहे. पण अर्धवट चाचणीने तुमच्यावर चुकीचा ठपका येण्यापेक्षा हे बरे. चाचणी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत, दोघांच्या लेखी संमतीने करा. कंगव्यातले केस चोरून पाठवण्यासारखे प्रकार कोणीही करू नयेत. आणि ही चाचणीसुद्धा अपवादांपासून सुटलेली नाही. २००२ साली अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यात एका स्त्रीला, तिनेच जन्म दिलेली मुले तिची नाहीत, असा निकाल मिळाला होता. पुढे कळले की तिच्या शरीरात जनुकीयदृष्ट्या दोन वेगळ्या पेशींच्या वंशावळी एकत्र नांदत होत्या, आणि तपासलेला नमुना एकीचा तर मुले दुसरीची होती.

कायद्याची बाजू थोडक्यात सांगते, कारण घरात धमकीची भाषा आली तर ती माहीत असावी. वैध विवाह चालू असताना जन्मलेले मूल त्या पती-पत्नीचेच, असे कायदा मानतो. पूर्वी हे १८७२ च्या पुरावा कायद्याच्या कलम ११२ मध्ये होते, आता भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ११६ मध्ये आहे, आणि त्या काळात दोघांचा परस्परांशी संपर्कच शक्य नव्हता असे सिद्ध झाल्याशिवाय ते खोडता येत नाही. वैवाहिक वादात मुलांची डीएनए चाचणी सरसकट करायला लावू नये, असे सर्वोच्च न्यायालयानेही २०२३ मध्ये स्पष्ट केले आहे. जेवणाच्या टेबलावरच्या चौकटीला न्यायालयात काही वजन नाही.

अशाच अडचणीत असलेल्या इतर वाचकांनाही एक विनंती: मुलांचा रक्तगट आईवडिलांशी जुळत नाही असे वाटले, तर ती शंका आधी रक्तपेढीतील डॉक्टरांना सांगा, नातेवाइकांना नंतर. तुमच्या पत्रात मुलगी या सगळ्यात कुठे होती, याचा उल्लेख नाही. ती टेबलावर असेल तर तिने चौकट पाहिली असेल, आणि नऊ वर्षांच्या मुलीला चौकट कळली नाही तरी आवाजातला बदल कळतो. तिला आजच सांगा की तिचे रक्त जरा वेगळे असू शकते आणि डॉक्टर ते पुन्हा पाहणार आहेत. वर्गशिक्षिकेला चार ओळींची चिठ्ठी द्या, आणि तपासणीचा निकाल हाती येईपर्यंत तिच्या ओळखपत्रावरचा रक्तगटाचा रकाना कोरा राहू द्या.